तारीख बदलवा, बाकी तेच राहू द्या : विधिमंडळाच्या सदस्यांना नागपुरातून खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभेचे 288 आणि विधान परिषदेचे 78 सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या अलीकडे माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, दोन मशीन, एक कॉम्प्युटर आणि बाहेर प्लास्टिकच्या चार खुर्च्या. तुम्ही मला ओळखत नाही, पण तुमच्यातल्या अनेकांच्या हातात माझं लेखन पडलेलं आहे. वर 'यांच्या सेवेशी', मधे 'वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की' आणि खाली पाच सह्या, अशी जी निवेदनं तुमचे स्वीय सहायक दर डिसेंबरात गोळा करतात, त्यातली काही माझ्याकडे टाइप झालेली असतात. दहा रुपये पान, दुरुस्ती फुकट.

माझ्या कॉम्प्युटरमध्ये 'मोर्चा' नावाचं एक फोल्डर आहे. त्यात अंगणवाडी सेविकांची फाइल आहे, आशाताईंची आहे, पोलीस पाटलांची आहे, धानाच्या बोनसची आहे, प्रकल्पग्रस्तांच्या तर तीन आहेत. सगळ्यात जुनी फाइल विनाअनुदानित शाळेतल्या एका सरांची. पहिल्यांदा आले तेव्हा पूर्ण दोन पानं हाताने लिहून आणली होती, अक्षर मोत्यासारखं. दुसऱ्या वर्षापासून त्यांनी कागद आणणं सोडलं. दुकानाच्या पायरीवर चप्पल काढता काढताच सांगतात, "भाऊ, मागच्या सालचंच काढा. तारीख तेवढी बदलवा, बाकी तेच राहू द्या."

तारीख तेवढी बदलून मात्र भागत नाही. त्यात एक वाक्य आहे : 'गेली 9 वर्षे आम्ही अत्यल्प वा विनावेतन सेवा देत आहोत.' हा आकडाही बदलावा लागतो. 9 चे 10 झाले, 10 चे 11. मधे त्यांना अनुदानाचा 20 टक्के टप्पा मिळाला तेव्हा 'विनावेतन' खोडून 'अंशतः वेतनावर' केलं. एका वर्षी गर्दीच्या घाईत मी आकडा बदलायला विसरलो. सरांच्या लक्षात आलं नाही, सही करणाऱ्या इतर चौघांच्या आलं नाही, आणि ज्यांनी ते निवेदन हसतमुखाने घेऊन फोटो काढला त्यांच्याही आलं नाही. पुढच्या वर्षी मला एकदम दोन वर्षं वाढवावी लागली.

हे पत्र त्या आकड्यामुळेच लिहायला घेतलं.

अधिवेशन जवळ आलं की नागपूरचा थाटच बदलतो. नोव्हेंबर लागला की विमानतळाकडून येणाऱ्या रस्त्यावरचे खड्डे अचानक कोणाला तरी दिसू लागतात. दुभाजकाला काळे-पिवळे पट्टे येतात, कुंड्या येतात, कुंड्यांत झाडंही येतात. गल्लीतले खड्डे जागच्या जागी राहतात, कारण त्या गल्लीतून ताफा जात नाही. रामगिरी, रविभवन, नागभवन, आमदार निवास, 160 गाळे, या सगळ्या सरकारी निवासांत झाडलोट, दुरुस्ती, रंगरंगोटी. मुंबईहून फायलींची खोकी ट्रकने येतात आणि अर्ध्याअधिक सुतळी न सोडता परत जातात, असं हमाली करणारी पोरं चहा पिताना सांगतात.

माझ्या ओळखीतला एक पेंटर आहे. एका सरकारी निवासातली तीच ती खोली त्याने आजवर बारा-तेरा नोव्हेंबरांत रंगवली. तो म्हणतो, "भाऊ, आता भिंतीवर रंग नाही रायला, रंगावर भिंत उभी आहे." स्विचबोर्डाच्या स्क्रूंवर इतके थर बसलेत की बोर्ड उघडायला आधी पापुद्रा खरवडावा लागतो. गेल्या सालचा रंग चांगला असतो, वर्षभर त्या खोलीत कोणी राहिलेलंच नसतं. तरी खरवडायचं आणि पुन्हा मारायचं, कारण तसं टेंडर आहे. त्याला यंदा विचारलं, मागचे पैसे मिळाले का? तर म्हणाला, ठेकेदाराचं बिल अडकलं आहे, म्हणून आपलीही मजुरी थोडी अडकली आहे. म्हणजे खर्च झालेला आहे, पैसे मात्र कोणालाच मिळालेले नाहीत. हे गणित मला नीट समजत नाही, तुम्ही सभागृहात बसता, तुम्हाला समजत असेल.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर तुमच्यातले काही जण लगेच म्हणतील, बघा, नागपूरकरच म्हणतात अधिवेशन नको. मी तसं म्हणत नाही. 28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार आमच्या घरात जेवणाच्या ताटावर बोलला जाणारा विषय होता. वडील त्यातली कलमं तोंडपाठ म्हणायचे. शासन दरवर्षी ठरावीक काळासाठी नागपूरला येईल आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन इथे भरेल, असं त्यात कबूल केलेलं आहे. हे कबूल करायला एक कारण होतं : मराठी मुलखाच्या एका राज्यात यायचं तर नागपूरला राजधानीपण सोडावं लागणार होतं. झालंही तसंच. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचा मान या शहराकडून गेला. राजधानी दिली, बदल्यात तुम्ही वर्षातून एकदा आमच्या दारी येऊन आमचं ऐकाल, असा तो व्यवहार होता. त्यामुळे तुमच्या येण्यावर खर्च होतो याबद्दल माझी तक्रार नाही. पाहुणा यायचा तर घर सारवावंच लागतं. पण पाहुणा येऊन दारातच पाणी पिऊन निघून जात असेल, तर सारवणाचा हिशेब कोणी तरी विचारणारच.

2025 चं हिवाळी अधिवेशन 8 ते 14 डिसेंबर असं झालं. 7 दिवस, त्यात शनिवार-रविवार धरून. आमच्याकडे लग्नातले व्याहीसुद्धा याहून जास्त दिवस राहायचे. त्याआधीचं, म्हणजे 2024 चं, आणखी लहान : 16 ते 21 डिसेंबर. 15 तारखेला इथे राजभवनात 39 मंत्र्यांचा शपथविधी झाला आणि खातेवाटप झालं 21 तारखेच्या रात्री, अधिवेशन संपल्यावर. म्हणजे तो आठवडाभर मंत्री होते पण कोणाकडे कोणतं खातं ते नव्हतं. माझ्याकडे तेव्हा निवेदनं करायला आलेले लोक विचारायचे, वर नाव कोणाचं टाकू? मी 'मा. मंत्रिमहोदय, महाराष्ट्र राज्य' असं ठेवायला सांगितलं. ज्यांना जे खातं मिळेल त्यांनी आपापलं समजून घ्यावं.

2025 च्या अधिवेशनात पहिल्याच दिवशी सरकारने 75,286 कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पावरच्या जादा पैशांच्या मागण्या, मांडल्या. हा आकडा टीव्हीवर पट्टीत सरकून गेला आणि लोक चहा प्यायला लागले. माझ्या मात्र तो हातात आला, अक्षरशः. एक माणूस पुरवणी मागण्यांचं ते जाडजूड पुस्तक घेऊन दुकानात आला, दोन प्रती हव्या होत्या. मशीनमधून पानं गरम गरम बाहेर पडत होती आणि मी ती चाळत होतो. आयुष्यभर लोकांच्या मागण्या टाइप केल्या, सरकारची मागणी कशी लिहिलेली असते ते पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं.

भाषा आमच्या निवेदनापेक्षा फार वेगळी नाही, बरं का. मागणी क्रमांक, लेखाशीर्ष, कारण, रक्कम. काही ठिकाणी रक्कम पाहून मी मशीन थांबवलं : एक हजार रुपये फक्त. मला वाटलं छपाईची चूक असेल, पुढची शून्यं उडाली असतील. तो माणूस हसला. म्हणाला, ही लाक्षणिक मागणी. आत्ता हजार रुपये मंजूर करून घ्यायचे म्हणजे त्या कामाचं खातं उघडतं, खरे पैसे मागाहून दुसरीकडची बचत वळवून आणायचे. हजार रुपयांत दार उघडतं, पाहुणे नंतर येतात. नियमात बसतं, त्यात लबाडी नाही असंही त्याने सांगितलं. मी मान्य करतो. पण मग तुम्ही हात वर करता तेव्हा नेमकं कशाला हो म्हणता ते तुम्हाला तरी ठाऊक असतं का?

पुरवणी मागणी ही काही पाप नाही. मार्चमध्ये अर्थसंकल्प करताना सप्टेंबरात मराठवाड्यात नद्या शेतं खरवडून नेतील हे कोणाला दिसणार? जमीनच वाहून गेलेल्या माणसाला मदत द्यायची तर पैसे वाढवून घ्यावेच लागतील, आणि यंदाच्या मागण्यांत शेतकऱ्यांच्या मदतीसाठी 15 हजार कोटींहून जास्त रक्कम होतीच. तेवढ्याला माझा सलाम. पण 2025-26 चा अर्थसंकल्पच मुळात 7 लाख कोटींचा, त्यात 45,891 कोटींची महसुली तूट मांडलेली, आणि राज्यावरचं कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जाणार असल्याचं सरकारनेच त्याच कागदांत लिहिलेलं. मार्चमध्ये ते मंजूर केलं. 30 जूनला मुंबईत 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. डिसेंबरात या 75,286 कोटींच्या. दोन्ही मिळून 1 लाख 32 हजार कोटींच्या वर. त्यातला काही भाग नुसती हिशेबाची फिरवाफिरव असते आणि निव्वळ बोजा कमी असतो, हे मला कळतं. तरी नऊ महिन्यांत मूळ बजेटच्या जवळपास पाचव्या हिश्शाएवढी भर पडत असेल, तर मार्चमध्ये जे मांडलं त्याला अर्थसंकल्प म्हणावं की अंदाजपंचे?

माझी बायको महिन्याच्या किराण्याची यादी करते. एक तारखेला सामान येतं. पंधरा तारखेला पाहुणे आले म्हणून साखर वाढली तर ती मला सांगते आणि मी उठून आणतो. पण पंधरा तारखेला तिने तेल, डाळ, तांदूळ, मीठ सगळ्याचीच पुन्हा यादी दिली, तर मी पहिली यादी काढून बघेन ना! तेवढं बघायचं काम तुमचं आहे. सभागृहाची बाकी सगळी कामं महत्त्वाची आहेत, लक्षवेधी आहे, तारांकित प्रश्न आहेत, औचित्याचा मुद्दा आहे. पण सरकारला पैसा देणं किंवा नाकारणं हे काम या राज्यात दुसरं कोणीच करू शकत नाही. कलेक्टर करू शकत नाही, कोर्ट करू शकत नाही. आणि नेमकं तेच तुम्ही सगळ्यात घाईत उरकता. 75,286 कोटी भागिले 7 दिवस. मी कॅल्क्युलेटरवर केलं, रोजचे 10 हजार कोटींच्या वर. माझ्या दुकानात एक पान टाइप करायला तेवढा वेळ लागतो जेवढ्यात तुम्ही काही कोटी मंजूर करता. मी निदान 'ऱ्हस्व-दीर्घ तपासा' म्हणून पान परत वाचतो.

विरोधी बाकांवरचे सदस्य म्हणतील, आम्ही काय करणार, आमची संख्याच नाही. खरं आहे. दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नसताना हे अधिवेशन झालं. पण कपात सूचना, म्हणजे मागणीतली रक्कम कमी करा अशी सूचना, द्यायला विरोधी पक्षनेता लागत नाही. पायऱ्यांवर गळ्यात कांद्याच्या, संत्र्यांच्या माळा घालून उभं राहायला लागणारा वेळ त्या गरम पानांना दिला असता तर चार मागण्यांचा तरी घाम निघाला असता. आणि सत्तेतले सदस्य हो, सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या अहवालांत वर्षानुवर्षं एक वाक्य येतं : मूळ तरतूदच खर्च झाली नाही, त्यामुळे पुरवणी तरतूद अनावश्यक ठरली. हे वाक्य अधिवेशनाच्या अगदी शेवटी पटलावर येतं, जेव्हा तुमच्या बॅगा गाडीत ठेवून झालेल्या असतात.

याच अधिवेशनात जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा वेश घालून विधानभवनात आले. तो फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला, हसलातही. मी हसलो नाही, म्हणजे आधी हसलो, मग हसू गेलं. बिबट्याचा प्रश्न खरा आहे. जुन्नर भागात ऊसाच्या फडात बाया-पोरांचे जीव गेलेत. मला वाईट याचं वाटलं की निवडून आलेल्या आमदाराला, ज्याला सभागृहात उभं राहून बोलायचा हक्क आहे, त्याला आपलं ऐकून घ्यावं म्हणून सोंग आणावं लागलं. आमच्या मोर्चातले लोकही तेच करतात. कोणी झाडाला उलटं लटकतं, कोणी अर्धनग्न येतं, कोणी मुंडण करतं. मला वाटायचं ते बाहेर असतात म्हणून त्यांना करावं लागतं. आतही तीच गत असेल तर मग आत नेमकं कोण आहे?

लाडक्या बहिणींबद्दल लिहायला हात धजत नाही, कारण त्या माझ्या गिऱ्हाईक आहेत आणि माझी सख्खी बहीणही त्यात आहे. ते पंधराशे रुपये तिच्या हातात पडले की ती गॅसचं सिलिंडर स्वतःच्या नावावर बोलावते, याचा तिला होणारा आनंद मी पाहिला आहे. योजना नको, असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. पण 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ई-केवायसीसाठी माझ्या दुकानापुढे ज्या रांगा लागल्या त्या तुम्ही पाहायला हव्या होत्या. बाईच्या आधारचा ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी. एक बाई, पन्नाशीच्या आतली, तीनदा आली. नवरा वारलेला, वडील त्याआधीच. स्क्रीन विचारते पती की वडील, आणि दोन्हींपैकी एकाचा नंबर टाकल्याशिवाय पुढे जात नाही. ती मला म्हणाली, "दादा, तुमचाच नंबर टाका ना." मी काय सांगणार? पुढे तशा बायांसाठी मृत्यूचा दाखला द्यायची सोय झाली आणि मुदतही वाढली, पण तोवर तिचे तीन खाडे झाले होते. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली.

पडताळणी करायची तर ती पैसे वाटायच्या आधी करतात. निवडणूक पाचेक महिन्यांवर असताना योजना आली, भराभर अर्ज मंजूर झाले, आणि वर्षभराने कळलं की 14,298 पुरुषांनी बहिणींचे पैसे उचलले. सुमारे 26 लाख 34 हजार लाभार्थ्यांचा लाभ थांबवावा लागला, हे सरकारनेच सांगितलं. गेलेले पैसे परत आणायचं कोणाच्या जिवावर येतं, आणि ते भरून काढायला मग इकडे-तिकडे हात जातो. 2025 च्या उन्हाळ्यात एका हप्त्यासाठी सामाजिक न्याय खात्याचे 410 कोटी आणि आदिवासी विकासाचे 335 कोटी वळवले, तेव्हा खुद्द सामाजिक न्यायमंत्र्यांनी जाहीर नाराजी दाखवली. माझ्या फोल्डरमध्ये वसतिगृहातल्या पोरांची एक फाइल आहे. विषय : भोजनभत्ता वेळेवर मिळणेबाबत. बहिणीच्या ओवाळणीसाठी लहान भावाच्या ताटातली पोळी काढायची, ही कुठली भाऊबीज? यावर सभागृहात किती तास चर्चा झाली, ते तुम्हीच आठवून बघा.

आणि ज्याला आम्ही उधळपट्टी म्हणतो ती नेहमी रंगासारखी, कुंडीसारखी डोळ्यांना दिसतेच असं नाही. सगळ्यात मोठी उधळपट्टी उशिराची असते. गोसीखुर्दचा धरणप्रकल्प 1983 साली मंजूर झाला तेव्हा खर्च धरला होता 372 कोटी. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. आज सुधारित खर्च 25 हजार कोटींच्या पुढे गेला आहे आणि कालव्यांची, वितरिकांची कामं अजून चालूच आहेत. 37 वर्षांत या एका धरणावर तुमच्या किती चर्चा झाल्या, किती सभात्याग झाले, त्याचा हिशेब नाही. भंडाऱ्याकडचा एक प्रकल्पग्रस्त माझ्याकडे यायचा, आता त्याचा मुलगा येतो. फाइल तीच आहे. बापाच्या नावापुढे 'कै.' लावलं.

पाणी मनात आणलं तर लवकरही पोचतं. 2018 साली पावसाळी अधिवेशन नागपुरात घेतलं, तेव्हा 6 जुलैच्या पावसात विधानभवनाच्या वीजपुरवठ्याच्या खोलीत पाणी शिरलं आणि अख्खं कामकाज अंधारात बंद करावं लागलं. कालवा नाही, वितरिका नाही, सुधारित प्रशासकीय मान्यता नाही. थेट पोचलं.

तुमच्या गाड्यांबद्दल आणि पेन्शनबद्दल लिहावं असं पुष्कळांचं म्हणणं आहे, पण त्यात मला फारसा रस नाही. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्र्यांच्या गाडीच्या किमतीची मर्यादा 30 लाखांवर नेली आणि राज्यपाल, मुख्यमंत्री यांच्या गाडीला मर्यादाच ठेवली नाही. राज्याच्या खर्चात ते खसखशीएवढंही नाही, पण त्याच महिन्यात मराठवाड्यात गोठ्यातली जनावरं दावणीला बांधलेली वाहून गेली. मुहूर्त तरी बघावा माणसाने. आणि 2016 साली तुमचे पगार, आणि माजी आमदारांची पेन्शन 40 हजारांवरून 50 हजारांवर नेणारं विधेयक चर्चेशिवाय मंजूर झालं. चर्चेशिवाय! एकमताने काम कसं करायचं ते तुम्हाला येतं, हे त्या दिवशी कळलं. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' असं लिहिलेल्या टोप्या घालून इथे आलेल्या कर्मचाऱ्यांच्या निवेदनाच्या मी चारशे प्रती काढल्या होत्या. त्यांची चर्चा अजून चालू आहे.

मोर्चा कुठे अडवतात ते तुम्ही गाडीच्या काचेतून पाहत असाल. मॉरिस कॉलेजचा टी-पॉइंट, नाहीतर टेकडी रोड. तिथून पाच जणांचं शिष्टमंडळ पोलिसांच्या गाडीतून आत जातं, बाकीचे रस्त्यावर पेपर अंथरून भाकरी सोडतात. जवळच सीताबर्डीत गोवारी शहिदांचं स्मारक आहे आणि वर त्यांच्याच नावाचा उड्डाणपूल. 23 नोव्हेंबर 1994. अधिवेशन चालू होतं. गोवारी समाजाचे हजारो लोक आपल्या जमातीच्या सवलतींसाठी आले होते. दिवसभर वाट पाहत बसले की कोणी मंत्री येईल आणि निवेदन घेईल. संध्याकाळी लाठीमार झाला, पळापळ झाली, 114 माणसं चेंगरून मेली. बाया आणि लेकरं त्यांत जास्त होती. मी तेव्हा विशीत होतो. दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यावरच्या चपलांचा ढीग मी पाहिला आहे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. पुढे 2018 मध्ये हायकोर्टात त्यांच्या बाजूने निकाल लागला आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टात तो फिरला. एवढं सगळं एका न घेतलेल्या निवेदनापासून सुरू झालं. म्हणून, ती निवेदनं हातात घेऊन फोटो काढताना थोडं जपून काढत जा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता माझी मागणी. सवयीने मी ती निवेदनाच्या भाषेत लिहिणार होतो, पण साधंच लिहितो.

यायचं तर राहायला या. सात दिवसांत हुरडा पार्टीसुद्धा नीट होत नाही. हुरड्याला ज्वारी कोवळी लागते आणि माणसाला निवांत वेळ. चार-सहा आठवडे काढा. रंग मारलाच आहे, खोल्या वापरा. पुरवणी मागण्या पहिल्या दिवशी मांडून घाईत संपवण्यापेक्षा खातेनिहाय एक एक दिवस द्या, आणि ज्या मागणीवर कोणी बोललंच नाही ती त्या वेळेपुरती बाजूला ठेवा. कॅगचा अहवाल पहिल्या दिवशी ठेवा, शेवटच्या नाही. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या वैधानिक विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. आमच्या वाट्याचं किती आलं आणि किती गेलं ते मोजणारा तोच एक तराजू होता. तो पुन्हा टांगा, मग काटा कुठे झुकतो ते सगळ्यांनाच दिसेल. आणि एक अगदी स्वस्त काम : दर निवेदनाला एक नंबर द्या, आणि पुढच्या अधिवेशनाच्या आधी त्या नंबरवर दोन ओळींचं उत्तर येऊ द्या. 'होणार नाही' असं आलं तरी चालेल. माणूस नाही ऐकून घरी जातो, दुसरं काही बघतो. त्याचं आयुष्य 'गेली अमुक वर्षे' या शब्दांवर अडकून राहत नाही.

आणि ते सर. यंदा 12 तारखेला आले. मी फाइल उघडून बसलो होतो. म्हणाले, या साली तारीखही बदलवू नका, पुढल्या एप्रिलमध्ये मी रिटायर होऊन राहिलो. मग म्हणे, जाऊ द्या, काढा एक प्रत, फाइलला लावायला. दहा रुपये मी घेतले नाहीत. ते टेबलावर ठेवून गेले.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक टायपिंगवाला, नागपूर

ता. क. : वर ज्या माणसाचा उल्लेख केला, जो पुरवणी मागण्यांचं पुस्तक झेरॉक्सला घेऊन आला होता, तो 'साहेबांचं काम आहे, बिल पाठवून द्या' म्हणून दोन प्रती उचलून गेला. कोणते साहेब ते सांगितलं नाही. 340 पानं, दोन रुपये पान, दोन प्रती : एकूण 1,360 रुपये. तुमच्यातल्या ज्या कोणाचे असतील त्यांनी कृपया पाठवावेत. ही माझी पुरवणी मागणी समजा. लाक्षणिक नाही, पूर्ण रकमेची आहे. चर्चेशिवाय मंजूर केलीत तरी हरकत नाही.